बर्फावरची गाडी वळायला कशी लागली

गुलमर्गला स्लेजवर बसलेल्यांना हे दृश्य चटकन आठवेल. चढावर स्लेजवाला दोरी धरून गाडी ओढत नेतो. उतार आला की तो पुढे बसतो आणि आपण मागे, त्याला घट्ट धरून. गाडीला स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. जे काही आहे ते त्याच्या गमबुटांच्या टाचा. डावी टाच रुतवली की गाडी डावीकडे, उजवी रुतवली की उजवीकडे, दोन्ही रुतवल्या की थांबली. मी अख्खा उतार त्या टाचांकडेच बघत होतो. प्रत्येक वळणाला बर्फाचा भुगा तोंडावर उडायचा आणि गाडीचा वेग मंदावायचा.

बर्फगाडीची जुनी अडचण ती हीच. वळायचं तर पाय घासायचे, आणि पाय घासले की वेग गेला. आज युरोप-अमेरिकेत लहान मुलांसाठी स्टिअरिंगची, मऊ सीटची, पायाने ब्रेक लावायची बर्फगाडी सर्रास मिळते. तिच्यामागे या एका अडचणीशी केलेली बरीच झटापट आहे.

१८८३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोसजवळ पहिली आंतरराष्ट्रीय स्लेज शर्यत झाली. दावोसहून क्लोस्टर्सकडे जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रस्ता आणि सात देशांचे एकवीस स्पर्धक. पहिला क्रमांक दोघांत विभागून गेला: ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थी जॉर्ज रॉबर्टसन आणि क्लोस्टर्सचा टपालवाला पेटर मिन्श, दोघांचीही वेळ ९ मिनिटे १५ सेकंद. त्या टपालवाल्याचं मला फार कौतुक वाटतं. बाकीचे हौसेने आले होते, हा मात्र घरचा गडी होता. पण त्या काळच्या लाकडी स्लेजही पायांनीच वळवायच्या. अमेरिकेतही तेच. मुलगे बुटक्या, लांबट स्लेजवर पालथे पडून, डोकं पुढे करून सुसाट जायचे आणि मागे बुटांच्या चवड्यांनी दिशा द्यायचे. मुलींसाठी उंच, बसायच्या स्लेज वेगळ्या असत.

या अडचणीचं नेटकं उत्तर ज्या माणसाने दिलं तो खेळण्यांच्या धंद्यातला नव्हताच. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल लीड्स ॲलन शेतीची अवजारं बनवायचे. आपल्याकडची पाभर डोळ्यांसमोर आणा. तेच काम करणारं, हाताने ढकलायचं चाकाचं पेरणीयंत्र हा त्यांचा मुख्य माल. त्यांच्या सुरुवातीच्या एका यंत्रात पत्र्याची दोन घमेली तोंडाला तोंड लावून जोडलेली होती आणि भोवती कडं. ते शनीसारखं दिसे म्हणून नाव पडलं ‘प्लॅनेट’, आणि पुढच्या लहान अवजारांचं ‘प्लॅनेट ज्युनिअर’.

शेतीच्या अवजारांचा धंदा हंगामी. हंगाम सरला की कारखान्यात काम कमी, आणि काम नसलं की कारागीर दुसरीकडे जाणार. हिवाळ्यात विकता येईल असं काहीतरी ॲलन यांना हवं होतं. शिवाय बर्फावर घसरण्याची त्यांना लहानपणापासूनची आवड. आधी त्यांनी तीन-चार मोठी माणसं बसतील अशी ‘फेअरी कोस्टर’ नावाची जोडस्लेज काढली, पण ती पडली महाग. मग एकट्यादुकट्याची हलकी गाडी घडवत ते १८८९ च्या पेटंटपर्यंत पोचले. त्या गाडीचं नाव ‘फ्लेक्सिबल फ्लायर’.

तिची करामत जवळून बघण्यासारखी आहे. वर लाकडी फळ्यांची बैठक, खाली दोन लांब पोलादी पट्ट्या. या पट्ट्यांचा काटछेद इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा, त्यामुळे पोलाद कमी लागूनही वजन पेलायची ताकद भरपूर, आणि बाजूला मात्र त्या थोड्या लवतात. पुढे एक आडवी दांडी. पालथं पडलेलं मूल ती हातांनी दाबतं, बसलेलं मूल पायांनी. दांडी फिरली की दोन्ही पट्ट्यांचा पुढचा भाग त्या बाजूला वाकतो. मागचा भाग जागीच राहतो, म्हणजे सबंध पट्टीला कमानीसारखा बाक येतो आणि गाडी त्या बाकाच्या रेषेने वळते. पाय घासायचा नाही, गाडी फरफटायची नाही, वेगही फारसा जात नाही. एका लाकडी दांडीने गमबुटांचं काम संपवलं!

कंपनीच्या विक्रेत्यांना सुरुवातीला ही कल्पना रुचली नव्हती. पेरणीयंत्रं विकणाऱ्यांनी खेळणी कुणाला विकायची? पण पुढे मोठ्या शहरी दुकानांनी माल उचलला आणि लाल गरुडाचं चित्र असलेली ही स्लेज अमेरिकी बालपणाचा भाग झाली. ल्यूज, म्हणजे स्लेजवर उताणं पडून पाय पुढे करून घसरण्याची शर्यत, हा खेळ १९६४ मध्ये इन्सब्रुकच्या ऑलिंपिकमध्ये आला. त्यातले खेळाडूही पोटऱ्यांनी पट्ट्यांची पुढची टोकं दाबूनच वळतात.

मग या गाडीचे दिवस का फिरले? रस्त्यांमुळे. अरुंद पोलादी पट्टी घट्ट दाबलेल्या बर्फावर पळते, मऊ बर्फात रुतते. मोटारी वाढल्या, रस्त्यांवरचा बर्फ हटवून मीठ आणि वाळू टाकू लागले, तसे घोड्यांच्या रहदारीने दाबले गेलेले ते गुळगुळीत उतार मुलांच्या हातून गेले. उरल्या मोकळ्या टेकड्या आणि भुसभुशीत बर्फ. तिथे प्लॅस्टिकच्या स्वस्त थाळ्या आणि घसरपट्ट्या छान चालायच्या, पण त्या वळवता येत नव्हत्या. वळण्याची सोय हातात येऊन पुन्हा गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. ॲलन १९१८ मध्ये वारले होते. त्यांची कंपनी १९६८ मध्ये विकली गेली.

पुढचं पाऊल स्कँडिनेव्हियात पडलं. १९७० च्या दशकात स्वीडनच्या स्टिगा कंपनीची ‘स्नोरेसर’ लोकप्रिय झाली. पोलादी सांगाडा, मागे दोन रुंद स्की, पुढे एक, आणि पुढची स्की थेट स्टिअरिंगला जोडलेली. स्की रुंद असल्याने वजन पसरतं आणि गाडी मऊ बर्फावर तरंगते. पायाशी ब्रेक, तो दाबला की धातूचे दात बर्फात रुततात. म्हणजे टाच परत आली, फक्त आता ती पोलादाची आहे आणि थांबण्यापुरतीच वापरायची. नॉर्वेत अशा गाडीला ‘रातशेल्के’ म्हणतात, सरळ अर्थ ‘स्टिअरिंगची स्लेज’. जर्मन भाषिक भागात ‘लेंकबॉब’, म्हणजे वळवता येणारी ‘बॉब’, अर्थात बर्फगाडी. पुढे समोरच्या स्कीला स्प्रिंग आली, आणि काही गाड्यांत तर ओढायची दोरी आपोआप आत गुंडाळली जाते.

आईबापांना ही गाडी पटली ती बसण्याच्या पद्धतीमुळेही. मूल सरळ बसतं, पाय पुढे, डोकं मागे, आणि समोरचं झाड वेळेत दिसतं. तरी हेल्मेट हवंच, आणि उताराच्या पायथ्याशी थांबायला मोकळी जागाही.

ऑस्लोत कॉर्कट्रेकेरेन, म्हणजे ‘बुचाचा स्क्रू’, नावाची सुमारे दोन किलोमीटरची घसरवाट आहे, वरचं टोक खालच्यापेक्षा २५५ मीटर उंच. वरून सुटायचं, एकामागून एक वळणं घेत खाली मिट्स्टुएनला पोचायचं आणि स्लेज काखोटीला मारून मेट्रोने पुन्हा वर फ्रोग्नरसेटेरेनला जायचं. हिवाळ्यात त्या मेट्रोच्या डब्यात ओले बूट, लाल झालेली नाकं आणि दारापाशी रचलेल्या स्लेज यांचीच गर्दी असते.