आजीचे पांढरे केस आणि चुन्याची भिंत

आजीच्या वर्षश्राद्धासाठी तिचा फोटो मोठा करून घ्यायचा होता. मनासारखा फोटो एकच, बडोद्याला दांडिया बाजारातल्या जुन्या घरी मोबाइलवर काढलेला. डावीकडे उघडं दार आणि आतला अंधार, उजवीकडे चुन्याची भिंत. सॉफ्टवेअरने मागचं सगळं काढलं. डावीकडचे केस सुरेख सुटे आले, उजवीकडचे मात्र कात्रीने कापल्यासारखे. मामा बघून एवढंच म्हणाले, "अरे, आईच्या कानामागची बट गेली की!"

बट का गेली, हे एका ठिपक्यात शिरल्यावर कळतं. फोटोत साधारण ६० सेंटीमीटर रुंदीचं दृश्य ३००० पिक्सेलमध्ये, म्हणजे अशा ठिपक्यांमध्ये, मावलं असेल, तर एक पिक्सेल ०.२ मिलिमीटरचा. केस त्याच्या निम्म्याहूनही बारीक. म्हणजे केसाच्या जागी निखळ केस नसतोच. थोडा केस, थोडी पार्श्वभूमी असं मिश्रण असतं. त्यात केसाचा वाटा किती, त्या आकड्याला 'अल्फा' म्हणतात. ही कल्पना १९७०च्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी मांडली.

उजळता ० (काळा) ते २५५ (पांढरा) अशी मोजतात. दाराच्या अंधाराची उजळता ३० धरा, केसाची २३०. मधला पिक्सेल ८० निघाला, तर ५० भागिले २००, म्हणजे पाव केस. सोपं गणित. आता उजवीकडे या. भिंत २३५, केस २३०. फरक अवघा ५, आणि कॅमेऱ्याची स्वतःची खरखरच दोन-तीन अंकांची! तिथे अल्फा कोणत्याही भागाकाराने हाती लागत नाही.

खरं तर अडचण याहून मोठी आहे. लाल, हिरवा, निळा मिळून समीकरणं तीन; केसाच्या रंगाचे तीन आकडे, मागच्या रंगाचे तीन आणि अल्फा मिळून अज्ञात सात. म्हणून सॉफ्टवेअर हजारो फोटोंवरून शिकलेल्या अंदाजावर चालतं. शिवाय ठिपका नुसता पारदर्शक करून भागत नाही. त्यात मुरलेला दाराचा अंधार वेगळा काढला नाही, तर नव्या पार्श्वभूमीवर केसांना काळपट किनार उमटते.

शेवटी उजवीकडची भिंत पुसायचीच नाही असं ठरवलं. तोच चुन्याचा रंग डावीकडे हळूहळू गडद करत नेला. कानामागची बट मूळ भिंतीवर होती तशीच राहिली.