पास्ता शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका

कुंडीतला टोमॅटो तोडला की बोटांना पिवळट-हिरवा डाग लागतो आणि उग्र वास येतो. हा वास फळाचा नाही, पानांवरच्या आणि देठांवरच्या बारीक लवेतल्या रसाचा आहे. फळाचा सुगंध वेगळा, आणि तो फार नाजूक. टोमॅटो १२ अंश सेल्सिअसखाली ठेवला की सुगंधी द्रव्यं तयार करणारी त्याची यंत्रणा मंदावते. म्हणून गच्चीवरचे टोमॅटो मी फ्रिजमध्ये ठेवत नाही. संध्याकाळी तोडायचे आणि पास्त्यासाठी थेट कढईत टाकायचे.

आणि चिरताना बिया काढू नका! बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा जास्त असतं, आणि जिभेला जी भरीव, रुचकर चव जाणवते ती त्याचीच. लाल रंग लायकोपीनचा. ते पेशींत अडकून बसलेलं असतं आणि तेलात विरघळतं. टोमॅटो तेलात रटरटला की पेशींच्या भिंती मोडतात, आणि ते अंगी लागायला सोपं जातं.

लसूण आधी ठेचून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ठेचल्यावर वेगवेगळ्या कप्प्यांतलं अलिइन आणि अलिइनेज हे विकर एकत्र येतात आणि झणझणीत अलिसिन तयार होतं. गरम तेलात विकर लगेच निकामी होतं, म्हणून हा वेळ आधीच द्यायचा.

आता पास्ता. तो ड्यूरम गव्हाच्या रव्याचा. आपला बन्सी गहू याच जातीचा आणि शेवयांचा खपली गहू त्याचा जवळचा नातलग. चपातीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं, या दोघांत २८. ड्यूरममधल्या ग्लुटेनची घट्ट जाळी स्टार्चचे कण धरून ठेवते, म्हणून पास्ता उकळूनही गिच्च होत नाही. तरी साधारण ६० अंशांपुढे हे कण फुगू लागतात आणि थोडं स्टार्च पाण्यात उतरतंच. पाणी पेजेसारखं गढूळ होतं.

सुरुवातीला कित्येक वेळा मी भात वेळल्यासारखं ते सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. मग ताटात तेल वेगळं, टोमॅटोचं पाणी वेगळं आणि मध्ये कोरडा पास्ता. तेल-पाणी हलवून मिसळलं तरी तेलाचे थेंब पुन्हा एकमेकांना चिकटून वर येतात. स्टार्चमुळे पाणी दाट होतं, थेंबांची हालचाल मंदावते आणि त्यांना एकत्र येणं कठीण जातं. म्हणून पास्ता दाताला किंचित लागतोय तोवरच उपसून कढईत घ्या, दोन पळ्या पाणी घाला आणि मोठ्या आचेवर जोरात हलवा. मिनिटभरात रस्सा दाटतो, तकतकीत होतो आणि प्रत्येक नळीला लपेटून बसतो. पास्ता उकळताना पाणी बेताचंच घेतलंत तर ते आणखी दाट मिळेल.

राहिली बेसिलची पानं. इटलीतलं हे बाझिलिको म्हणजे आपला सब्जाच. जात एक, वाण वेगळा. तुळस त्याची चुलत बहीण. पानांतलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य उष्णतेनं चटकन उडून जातं, म्हणून गॅस बंद केल्यावर पानं हातानं तोडून वर टाका, झाकण ठेवा आणि ताटं मांडा.