सिस्टर लोकांची तालीम

कोल्हापुरात कॉन्व्हेंटला शिकलेल्या कुणालाही विचारा, सिस्टर म्हटलं की पांढरा झगा, कडक शिस्त आणि चेहऱ्यावर कायम शांतता (किंवा कायम राग, ज्याचं जसं नशीब). या बाईला कधी कंटाळा येत असेल का, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. चर्चला मात्र तो सोळाशे वर्षांपूर्वीच पडलाय.

तशी आपल्याकडची जुनी चर्चेस प्रोटेस्टंट, 1852 ला वाइल्डरसाहेब अमेरिकेतनं आले तेव्हापासनंची, तिथं पाद्रीबाबांना बायकापोरं असतात, त्यामुळं हा संन्याशाचा प्रकार (तो मुख्यतः कॅथलिक लोकांचा) इथं जरा परकाच.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जे लोक एकटे राहायला गेले त्यांच्या साधनेला ग्रीकमध्ये आस्केसिस म्हणायचे, आणि त्याचा मूळ अर्थ पैलवानाची मेहनत, म्हणजे सरळ आपली तालीमच की! त्यांच्यातला एव्हाग्रियस म्हणून एक होता, त्यानं मनात घुसणारे आठ विचार लिहून ठेवलेत, त्यातला एक दुपारचा. ऊन हलता हलत नाही, माणूस सारखा सूर्याकडं बघतो, कोण भेटायला येतंय का म्हणून डोकावतो, आणि ही जागाच वाईट आहे असं वाटायला लागतं. ऑफिसात तीन वाजता आपलं काय होतं ते आठवा.

सहाव्या शतकात इटलीतल्या बेनेडिक्ट नावाच्या साधूनं मठाची नियमावली लिहिली. आलेल्याला लगेच आत घ्यायचं नाही, चारपाच दिवस दारात ताटकळत ठेवायचं, मग वर्षभरात तीनदा नियम वाचून दाखवायचे आणि विचारायचं, जमंल का? आणि त्याचे घरचे कपडे जपून ठेवायचे, उद्या सोडून जायचं झालं तर परत द्यायला. मला ही कपड्यांची गोष्ट लय आवडते.

पुढं मात्र आज्ञापालनालाच मोठेपण समजायचं वळण पडलं असं माझं मत. जेझुइट हा धर्मगुरूंचा संघ काढणाऱ्या इग्नेशियसनं तर वरिष्ठांच्या हातात निर्जीव देहासारखं किंवा म्हाताऱ्याच्या काठीसारखं राहा असं लिहिलं, पण त्याच माणसानं सगळं शिक्षण झाल्यावर परत एकदा मनाची परीक्षा बघायचा काळही ठेवला, हेही खरं.

या आज्ञापालनाशी भांडलेली आपली बाई म्हणजे पंडिता रमाबाई. 1883 ला इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टर लोकांकडं त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण मी मोठ्या कष्टानं एका पुरोहितशाहीचं जू उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डीनला कळवलं. सिस्टरांना त्यात गर्व दिसला. आज वाचताना त्या दोघींत मनानं जास्त मोठी झालेली कोण ते सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

चर्चमध्ये मानसशास्त्रज्ञांचं प्रस्थ वाढलं ते 1960 नंतर. मेक्सिकोत एका बेनेडिक्टाइन मठात तर साधूंचं सामूहिक मनोविश्लेषणच सुरू केलं, रोमला (म्हणजे पोपच्या कारभाराला) ते पटलं नाही आणि मठच बंद पडला. 1972 ला अमेरिकेत युजीन केनेडीनं धर्मगुरूंचा अभ्यास छापला, त्यात बहुतेकांची भावनिक वाढ अर्धवट राहिलेली निघाली, म्हणजे कामात हुशार पण जवळची मैत्री जमत नाही अशी माणसं.

1983 च्या कॅथलिक चर्चच्या कायद्यात मग संन्यास घेऊ बघणाऱ्या उमेदवाराची तब्येत, स्वभाव, पुरेशी परिपक्वता बघा असं आलं, गरज पडली तर तज्ज्ञाला दाखवा, निदान 12 महिने नवशिष्य ठेवा, त्यानंतर 3 वर्षं तरी तात्पुरतीच व्रतं. आणि आतलं सगळं उघड कर म्हणून वरिष्ठांनी कुणाला भाग पाडायचं नाही, हेही त्यातच.

आपल्या बाजूला हे मनाचं काम केलं अँथनी डिमेलोनी. मुंबईचा जेझुइट, त्यानं 1970 च्या दशकात पुण्यात साधना इन्स्टिट्यूट काढली, ती पुढं लोणावळ्याला गेली. फादर-सिस्टर लोक तिथं यायचे, श्वासावर ध्यान धरायचे आणि वर्षानुवर्षं दाबलेला राग, रडू बाहेर काढायचे. 1987 ला तो वारला, 1998 ला रोमनं त्याच्या काही लिखाणाबद्दल इशारा काढला, तरी त्याची पुस्तकं लोक अजून वाचतातच.