मुस्तफाच्या आधीची मारामारी

आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये किंवा सायबर कॅफेत "मुस्तफा" न खेळलेला माणूस विरळाच, पण त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आणि तो कॅपकॉम कंपनीने 1993 ला काढला हे बऱ्याच जणांना लय उशिरा कळतं. त्यात चार गुंडांनी घेरलं की मागे उभी असलेली पोरं ओरडायची, "दोन्ही दाब, दोन्ही दाब!" म्हणजे मारायचं आणि उडीचं बटन एकदम. सगळे उडायचे, पण आपली पण थोडी लाइफ जायची. तर ही दोन बटनं आली कुठून?

1984 ला आयरेम कंपनीचा कुंग-फू मास्टर हा गेम आला. पाच मजले, एकाच रेषेत चालायचं, समोरून-मागून येईल त्याला लाथ नाहीतर बुक्का, आणि शेवटी पळवलेली मैत्रीण. बास.

खरा बदल 1986 चा. टेक्नोस जपान कंपनीतल्या योशिहिसा किशिमोतोने स्वतःच्या शाळेतल्या मारामाऱ्या आठवून कुनिओ-कुन हा गेम बनवला आणि त्यात माणूस स्क्रीनवर वर-खाली पण फिरायला लागला, त्यामुळे घेरलं जाणं म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. बटनं मात्र विचित्र, एक डावीकडे मारायचं, एक उजवीकडे, मधे उडी. जपानात स्टोरी अशी की दोस्ताला बदडलं म्हणून शाळेतला पोरगा बदला घेतो, आणि बाहेर विकताना याचाच रेनेगेड झाला, युनिफॉर्म गेला, दोस्ताच्या जागी गर्लफ्रेंड आली, खेळ मात्र तोच. म्हणजे स्टोरी नुसती वरून चिकटवलेली होती, काढली काय न ठेवली काय.

त्याच किशिमोतोने 1987 ला डबल ड्रॅगनमध्ये मात्र कमाल केली. सुरुवातीला एक गुंड हिरोच्या मैत्रिणीच्या, म्हणजे मॅरियनच्या, पोटात बुक्का मारतो, खांद्यावर टाकतो, चालला, डायलॉग एक नाही. दोघांनी दोन भाऊ होऊन मिळून खेळायचं, गुंडांच्या हातातली बॅट पाडून तीच त्यांना हाणायची, आणि शेवटी दोघं भाऊ जिवंत असले तर मॅरियनसाठी एकमेकांशीच लढायचं! ज्या बटनांनी तासभर साथ दिली त्याच बटनांनी आता दोस्ताला मारा. माझ्या मते या प्रकारातली सगळ्यात भारी स्टोरी हीच. (गेम म्हणून घोळ होता, नुसतं कोपर मारत राहिलं तरी निघायचा.)

मग 1989, कॅपकॉमचा फायनल फाइट. बटनं दोनच, पण गुंडाला जाऊन भिडलं की पकड बसते, आणि हॅगर, जो त्या शहराचा मेयर आहे (हो, मेयर, फीत कापायची सोडून), उडी मारून त्याला डोक्यावर आपटतो. दोन्ही दाबलं की सुटका, पण तो फटका गुंडाला लागला की आपली लाइफ कमी. मुस्तफात आलं ते इथूनच.

सेगाने 1991 च्या स्ट्रीट्स ऑफ रेजमध्ये वेगळा मार्ग काढला, बटन दाबलं की मागून पोलीसची गाडी येऊन सगळ्यांना भाजून काढायची. दिसायला झकास, पण मारणारा आपण नाही ना. पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात गाडी गायब आणि लाइफ देऊन मारायचा हिशोब परत. 2020 च्या चौथ्या भागात तर स्पेशलमध्ये (म्हणजे लाइफ देऊन मारलेल्या फटक्यात) गेलेली लाइफ मार न खाता लगेच गुंडांना चोपलं की परत मिळते.

आणि मुस्तफाची स्टोरी? शिकारी लोक डायनोसॉर मारतायत, त्यांना थांबवायचं. आमच्या पार्लरमध्ये ती कुणीच वाचली नसणार, कारण स्टोरी आली की सगळे बटन बडवून ती पुढे ढकलायचे.