नजर चेंडूच्या पुढे धावते

भातकापणी उरकली की कोकणात कुणग्यांची, म्हणजे भातखाचरांची, मैदानं होतात. बांधावर बसलेलं कुणीतरी बॅटिंग करणाऱ्या पोराला ओरडतंच, "बॉलार नजर ठेव रे!" सल्ला पिढ्यानपिढ्यांचा आहे. अडचण एवढीच, की चांगले फलंदाज तो पाळत नाहीत.

2000 साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या संशोधकांनी कमी-अधिक कुवतीच्या तीन फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांची नजर नोंदवली. बोलिंग मशीनमधून चेंडू सुटताना ते त्याच्याकडेच बघत. मग नजर चेंडूला सोडून खाली उडी मारी, टप्पा पडेल असं वाटतंय तिथे जाऊन थांबे, आणि चेंडू मागाहून तिथे पोचे. या उडीला सॅकेड म्हणतात. ती तिघांनीही मारली. पण सरस फलंदाजाची उडी लवकर निघायची आणि टप्पा जवळ की लांब यावर तिची वेळ बदलायची.

यात डोळ्यांचा नाइलाजही आहे. हलत्या वस्तूमागे डोळा सलग सरकतो, पण सेकंदाला साधारण 100 अंशांपुढे तो मागे पडू लागतो. ताशी 120 किलोमीटरने आलेला चेंडू फलंदाजाच्या जवळून जाताना ही मर्यादा कुठच्या कुठे ओलांडतो. सॅकेड मात्र सेकंदाला 500 अंशांच्याही वर जाते. तेवढ्या वेळात दिसत जवळपास काहीच नाही, कारण उडीदरम्यानचं चित्र मेंदू दाबून टाकतो. चेंडू अंगावर येत असताना क्षणभर न बघण्याचा हा सौदा मला तरी भलताच धाडसी वाटतो.

मग खेळाडूंचे डोळेच तल्लख असतील? मॅक्लिऑड यांनी 1987 मध्ये मॅटखाली दांड्या ठेवून चेंडू अचानक वळेल अशी सोय केली. चेंडू वळल्यावर फटका बदलायला व्यावसायिक फलंदाजांनाही सुमारे 200 मिलिसेकंद लागले, म्हणजे तुमच्या-आमच्याइतकेच. धसकटावर आपटून वळलेल्या चेंडूपुढे रणजीपटूही कुणग्यातल्या पोरासारखाच हतबल.

फरक आहे तो अंदाजात. मुरलेला फलंदाज गोलंदाजाच्या हात-मनगटावरून, चेंडू सुटण्याआधीच, बरंच काही ओळखतो. 2013 च्या एका अभ्यासात अव्वल फलंदाज डोकं चेंडूच्या दिशेने वळवत ठेवताना आणि दुसरी उडी थेट बॅट-चेंडूच्या भेटीच्या जागी मारताना आढळले.

असा अंदाज सवयीने येतो, आणि सवय जमिनीची असते. जांभ्याच्या कातळसड्यावर चेंडू उसळतो, समुद्रकाठच्या ओल्या पुळणीवर दबून राहतो. सड्यावर शिकलेला पोरगा पुळणीवर सुरुवातीला बॅट चेंडूच्या वरूनच फिरवत असेल, असा माझा तर्क.

डोळ्यांचे सरसकट व्यायाम करून हे साधेल का, हे अ‍ॅबरनेथी आणि वुड यांनी 2001 साली तपासलं. व्यायाम करणाऱ्यांचा खेळ न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारल्याचं काही दिसलं नाही.