बी.फार्म.मधून एमबीबीएसला जायचंय? आधी बारावीचं गुणपत्रक काढा

बी.फार्म. करता करता, किंवा पदवी हातात आल्यावर, एमबीबीएसला जाता येतं का? येतं. मात्र ते फार्मसीच्या जोरावर नाही, बारावीच्या जोरावर. नीट-यूजी द्यायची, गुणवत्ता यादीत यायचं आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. दुसरा रस्ता नाही.

हे इतकं ठासून सांगावं लागतं, कारण डी.फार्म. (फार्मसीची पदविका) झालेल्यांना बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्यावरून अनेकांचा समज होतो की बी.फार्म. झाल्यावर एमबीबीएसलाही असंच मधूनच घुसता येत असेल. तसा नियम नाही. फार्माकॉलॉजी तुम्ही कितीही चांगली शिकला असाल, तरी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते, एकाही विषयाची सूट मिळत नाही. ‘फार्मसी कोट्यातून सीट करून देतो’ असं कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. असा कोटाच नाही. आईवडिलांनी जमीन गहाण टाकून असल्या माणसांच्या हाती पैसे ठेवल्याचं ऐकलं की जीव तुटतो.

वयाची भीती मात्र काढून टाका. कमाल वयाची अट २०२२ पासून नाही आणि नीट किती वेळा द्यायची यावरही मर्यादा नाही. पदवी पूर्ण झालेला, नोकरी करणारा फार्मासिस्टही बसू शकतो.

आता खरी अडचण. बहुतेकांचे अर्ज अडतात ते बारावीच्या गुणपत्रकावर, आणि तेही नीटमध्ये चांगले गुण पडल्यावर. म्हणून क्लासची फी भरण्याआधी ते गुणपत्रक काढून समोर ठेवा.

पहिली गोष्ट, त्यावर जीवशास्त्र आहे का? बी.फार्म.ला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतं, तिसरा विषय गणित असला तरी चालतो. त्यामुळे पीसीएम ग्रुपमधून फार्मसीला आलेली मुलं भरपूर असतात. त्यांना पहिल्या सत्रात ‘रेमेडियल बायोलॉजी’ हा पेपर असतो, आणि तो पास झाल्यावर ‘आमचं बायोलॉजी झालंय की’ असं ही मुलं अगदी मनापासून सांगतात. तो पेपर एमबीबीएससाठी धरत नाहीत. पहिल्या वर्षातलं ह्यूमन ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीही नाही. बारावीच्या स्तरावर, मान्यताप्राप्त मंडळाचं जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान पास असणं लागतं. इंग्रजीही लागतं.

पूर्वी पीसीएमवाल्यांसाठी इथेच दार बंद व्हायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढून ते उघडलं: बारावी झाल्यानंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र दिलेलंही चालतं. महाराष्ट्र राज्य मंडळाकडे ‘तुरळक’, म्हणजे एखाददुसराच विषय घेऊन परीक्षेला बसण्याची सोय आहे, मुक्त विद्यालयाचाही पर्याय आहे. पण वेळेचं गणित नीट मांडा. मंडळाच्या फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचा अर्ज त्याच्या कितीतरी आधी, आदल्या वर्षीच भरायचा असतो. जीवशास्त्राला प्रात्यक्षिकही असतं, त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन बोलावं लागतं. नीटचा अर्ज भरताना जागं होऊन ‘आता बायोलॉजी देतो’ म्हटलं तर ते वर्ष गेलंच म्हणून समजा. जुन्या नियमाच्या आठवणीवर ‘असं चालत नाही’ म्हणून परत पाठवणारे कर्मचारी अजूनही भेटतात. आयोगाच्या त्या सूचनेची छापील प्रत सोबत ठेवा आणि शांतपणे समोर ठेवा.

दुसरी गोष्ट, गुण किती आहेत? इथे फार्मसी आणि वैद्यकीय यांचे निकष वेगळे आहेत आणि याच फरकात मुलं अडकतात. महाराष्ट्रात बी.फार्म.ला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के पुरतात. एमबीबीएसला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्हींची बेरीज ५० टक्के लागते, म्हणजे ३०० पैकी १५०. मागासवर्गीयांना ४० टक्के, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांना ४५. ईडब्ल्यूएसच्या मुलांनी तर डोळ्यांत तेल घालून वाचावं: बी.फार्म.च्या प्रवेशात तुम्हाला ४० टक्क्यांची सवलत मिळाली होती, एमबीबीएसला तुमचा निकष खुल्या प्रवर्गाचाच, ५० टक्के. ४४ टक्क्यांवर फार्मसी मिळालेला मुलगा दोन वर्षं नीटची तयारी करतो आणि छाननीच्या टेबलावर बाद होतो. त्याला हे आधी कोणीच सांगितलेलं नसतं, ना कॉलेजने, ना क्लासने.

आणखी एक घोळ: हे ५० टक्के बारावीच्या एकूण गुणांचे नाहीत. भाषा आणि इतर विषयांनी सरासरी ६०वर नेली असेल, तरी या तीन विषयांत १४६ असतील तर तुम्ही अपात्र. तसंच नीटमध्ये खुल्या प्रवर्गाला ‘५०’ लागतात म्हणतात ते पर्सेंटाइल असतं, म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असणं, टक्के नव्हे. ७२० पैकी ३६० असा त्याचा अर्थ नाही. आणि ते पर्सेंटाइल मिळालं म्हणजे सीट मिळाली असंही नाही, फक्त रांगेत उभं राहण्याची परवानगी मिळाली. बारावीचे गुण कमी पडत असतील तर मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेची चौकशी करा. ती बारावीनंतरच्या ठरावीक, लगतच्या परीक्षांपुरतीच असते, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका.

नीटचा अर्ज भरणं सोपं आहे. परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर भरायचा, पात्रता परीक्षा म्हणून बारावी दाखवायची, नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच लिहायचं. परीक्षा मराठीतूनही देता येते. प्रवर्ग भरताना मात्र थांबा. तिथे केंद्राची यादी चालते. व्हीजे, एनटी, एसबीसी हे आपल्या राज्याचे प्रवर्ग तिथे सापडत नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी भरायचं, आणि राज्याचा प्रवर्ग पुढे राज्याच्या अर्जात सांगायचा. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) हा राज्याचा प्रवर्गही केंद्राच्या यादीत नाही.

‘पुढे राज्याच्या अर्जात’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. नीटचा निकाल लागला म्हणजे प्रवेशप्रक्रियेत नाव आपोआप जातं, असं समजून गप्प बसलेली मुलं दर वर्षी असतात. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. देशपातळीवरच्या १५ टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठं यांसाठी एमसीसीकडे (केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे) आणखी वेगळी. फार्मसीच्या वेळी याच सीईटी कक्षात नोंदणी केली होती म्हणून ती चालेल, असंही नाही. ती नोंदणी फार्मसीपुरती होती. नोंदणीची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती संकेतस्थळावर जाहीर होते, घरी पत्र येत नाही. निकालानंतर रोज एकदा बघायची सवय लावा.

कागदपत्रांत दहावी-बारावीची गुणपत्रकं, नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र ही नेहमीची यादी. राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, अपवाद मोजकेच. जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं. फार्मसीच्या वेळी अर्ज केल्याच्या पावतीवर भागलं असेल, तर या वेळी पावतीच्या भरवशावर राहू नका, आजच जात पडताळणी समितीकडे पाठपुरावा सुरू करा.

नॉन-क्रीमीलेअरचं वेगळंच. दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. प्रवेश होतात त्यानंतर, जूनपासून पुढे. म्हणजे गेल्या वर्षीच्या फार्मसीच्या फाइलमधला दाखला तेव्हा बहुधा मेलेला असतो. तारीख वाचा, गरज असेल तर एप्रिल उजाडताच नव्यासाठी अर्ज करा. एमसीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. ईडब्ल्यूएसचा दाखलाही चालू आर्थिक वर्षाचा हवा.

आणि शेवटी तो दाखला, जो फार्मसीतून येणाऱ्या जवळपास कोणाच्याच हातात नसतो: कॉलेज सोडल्याचा. बारावीनंतरचा मूळ दाखला तुम्ही फार्मसी कॉलेजात जमा केलेला असतो. एमबीबीएसला मूळ कागद लागतात, आणि फार्मसी कॉलेज म्हणतं, आधी उरलेल्या वर्षांची फी भरा. मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत असं यूजीसीने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे, तरीही हे चालतं, आणि अठरा-एकोणीस वर्षांचं पोर प्राचार्यांच्या केबिनबाहेर दिवसदिवस उभं राहतं. संतापाची गोष्ट आहे. तोंडी भांडत बसू नका. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घ्या, उत्तर आलं नाही तर विद्यापीठाकडे लेखी तक्रार करा. गुणपत्रकं तिथेच अडकली असतील तर आधीपासून मागून घ्या, सीट लागेपर्यंत थांबू नका. पण फार्मसीचा प्रवेश मात्र सीट लागेपर्यंत रद्द करू नका. नीट देण्यासाठी किंवा नोंदणीसाठी कॉलेज सोडावं लागत नाही. नुसत्या आशेवर चालू पदवी सोडून दोन्हीकडून रिकामं राहणं फार महाग पडतं.

मधल्या वर्षांबद्दल खोटं प्रतिज्ञापत्र करू नका. ‘बारावीनंतर कुठेही प्रवेश घेतला नव्हता’ असं लिहून द्यायला सांगणारे सल्लागार असतात. तुमचा दाखला फार्मसी कॉलेजचा असतो, सीईटी कक्षाकडे तुमच्या प्रवेशाची नोंद असते. फार्मसी शिकलो हे सांगण्यात कसलीही अपात्रता नाही, खोट्या शपथपत्रात मात्र आहे. खरोखर घरी बसून तयारी केली असेल तेवढ्याच काळाचं गॅपचं प्रतिज्ञापत्र द्या, आणि त्यातल्या तारखा दाखल्यावरच्या तारखांशी जुळतात का ते सही करण्याआधी तपासा.