आयपीएस आणि व्हीए: खोक्यावर सारखे, टेबलावर वेगळे

आठ-दहा हजारांत चोवीस इंची मॉनिटर बघायला लागलं की दोन खोकी हमखास शेजारीशेजारी येतात. दोन्हींवर फुल एचडी, १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० वेळा नवं चित्र), प्रतिसादाचा वेळ १ मिलिसेकंद, उजेड २५० निट्स आणि पाहण्याचा कोन १७८ अंश. फरक एका बारीक ओळीत असतो: एकाचं पॅनेल आयपीएस, दुसऱ्याचं व्हीए. काउंटरवर विचारलं तर ‘दोन्ही एलईडीच आहेत’ असं उत्तर मिळतं. ते खरं आहे, पण उपयोगाचं नाही. एलईडी हा मागचा दिवा. चित्र घडतं ते त्याच्या पुढच्या द्रवस्फटिकांच्या थरात, म्हणजे पॅनेलमध्ये, आणि तो थर दोन्हींत वेगळा चालतो.

व्हीएमधले स्फटिक वीज नसताना काचेला काटकोनात उभे असतात, शेतातल्या उभ्या पिकासारखे. तेव्हा मागचा उजेड जवळजवळ पूर्ण अडतो. वीज दिली की ते कलतात आणि उजेड पुढे येतो. आयपीएसमधले स्फटिक कायम आडवे. ते घड्याळाच्या काट्यासारखे काचेला समांतर राहूनच फिरतात. दोघांचे गुणदोष यातूनच निघतात.

आधी काळा रंग. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, ते प्रमाण) १०००:१ च्या आसपास असतो, नव्या पॅनेलांत १३०० ते १५००:१. व्हीएचा ३०००:१ किंवा त्याहून जास्त. म्हणजे पांढरा २५० निट्सवर असताना आयपीएसचा काळा पाव निट उजळ राहतो, व्हीएचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याला हा फरक पहिल्याच मिनिटाला कळतो: आयपीएसवर वरची-खालची काळी पट्टी राखाडी दिसते, व्हीएवर ती मॉनिटरच्या कडेत मिसळून जाते. ट्यूबलाइट लावली की मात्र ही बढत बरीचशी विरते, कारण पडद्यावरून परत येणारा खोलीतला उजेड दोन्हींचा काळा सारखाच फिका करतो.

आता तो १७८ अंशांचा आकडा. बहुतेकांची फसगत इथेच होते. ज्या कोनापर्यंत कॉन्ट्रास्ट निदान १०:१ उरतो, तो पाहण्याचा कोन धरतात. १०:१ म्हणजे चित्र ओळखू येतं एवढंच. रंग जागेवर राहतात असं नाही. उभं पीक वाऱ्याने एका बाजूला कललं की बांधाच्या दोन टोकांवरून वेगळं दिसतं, तसंच व्हीएचं होतं: बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात आणि गडद भाग उजळतात. शिवाय यासाठी बाजूला जाऊन बसायचीही गरज नाही. सत्तावीस इंची पडदा सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असतो. तो ६० सेंटीमीटरवर ठेवला तर समोर बसूनही त्याच्या कडा २६ अंशांतून दिसतात. अरुंद टेबलावर ४५ सेंटीमीटरवर आणला तर ३४ अंशांतून. एकाच राखाडी रंगाने भरलेलं पान उघडा: मध्ये गडद, कडांना उजळ. फोटो सुधारणाऱ्याने किंवा छपाईचं काम करणाऱ्याने व्हीए घेऊ नये, ते एवढ्यासाठी.

दुसरी गोम १ मिलिसेकंदाची. या आकड्याशेजारी जीटीजी (पिक्सेलला एका राखाडीतून दुसऱ्या राखाडीत जायला लागणारा वेळ) लिहिलंय की एमपीआरटी (हलतं चित्र डोळ्याला किती वेळ पुसट दिसतं, ते), ते बघा. एमपीआरटीचा आकडा सहसा मागचा दिवा लुकलुकवून मिळवलेला असतो. ती सोय चालू केली की पडद्याचा उजेड घसरतो. पिक्सेल तेवढ्याने वेगात बदलत नाही. व्हीएमध्ये काळ्यातून गडद राखाडीकडे जाताना स्फटिकाला थोडंसंच कलायचं असतं, त्यासाठी वीजही थोडीच मिळते, म्हणून तो सर्वांत सुस्त तिथेच असतो. १०० हर्ट्झला दर १० मिलिसेकंदांनी चित्राची नवी चौकट (फ्रेम) येते आणि स्वस्त व्हीएचा असा बदल दोन-तीन चौकटी सहज खातो. काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी मजकूर असलेलं पान भराभर सरकवा: शिरोरेषेमागे जांभळट-तपकिरी शेपूट ओढलं जातं, अनुस्वार आणि रफार सरकताना पुसटतात, थांबलं की परत येतात. पांढऱ्या पानावर हे जाणवत नाही. पण दिवसभर डार्क मोडमध्ये कोड लिहिणाऱ्याला ते डोळ्यांत खुपतं.

बारीक अक्षरांचं आणखी एक आहे. बाजूने दिसणारी खोट कमी व्हावी म्हणून व्हीएचा प्रत्येक उपपिक्सेल (पिक्सेलमधला लाल, हिरवा किंवा निळा भाग) तुकड्यांत विभागलेला असतो, आणि काही पॅनेलांत त्यातला एक तुकडा कमी उजळतो. इंग्रजीत ते खपून जातं. ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध’ लहान आकारात वाचताना कड किंचित पिसारलेली वाटते. त्यात पडदा सत्तावीस इंची आणि रिझोल्यूशन फुल एचडीच असेल, तर इंचाला ८२च पिक्सेल येतात. चोवीस इंचीत ९२. मराठी मजकुराच्या कामाला सत्तावीस इंची फुल एचडी व्हीए ही या किमतीतली सर्वांत वाईट जोडी.

आयपीएसही धुतल्या तांदळाचा नाही. अंधारात काळा पडदा लावला की कोपऱ्यांत धूसर, कधी पिवळसर उजेड दिसतो. त्यातही दोन प्रकार आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. डोकं हलवलं, दोन पावलं मागे गेलं की जो सरकतो किंवा मावळतो, तो पॅनेलचा स्वभाव. मॉनिटर बदलून आणला तरी राहणार. कुठूनही बघा, जो कडेच्या ठरावीक जागी तसाच राहतो, ती मॉनिटरच्या चौकटीच्या दाबाने झालेली उजेडाची गळती. ती ठळक असेल तर बदलून मागा. ब्राइटनेस कमी केला की दोन्ही सौम्य होतात. घरात एरवीही शंभर टक्के ब्राइटनेस लागत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. एएचव्हीएमध्ये व्हीए ही अक्षरं असली तरी तो आयपीएसच्या जातीचा. पीएलएस आणि एडीएसही त्याच घरचे. एमव्हीए, एएमव्हीए, एसव्हीए, एचव्हीए हे व्हीए. पॅनेलचं नाव कुठेच दिलेलं नसेल तर कॉन्ट्रास्टचा आकडा बघा: या किमतीत तो ३००० किंवा वर असेल तर व्हीए समजा. मात्र ‘डायनॅमिक’ म्हणून छापलेले लाख-कोटींचे आकडे सोडून द्या. आणि स्वस्त वक्र मॉनिटर दिसला की तो जवळपास नक्की व्हीए, कारण ते पॅनेल वाकवायला सोपं जातं. १५००आर म्हणजे १५०० मिलिमीटर त्रिज्येचा बाक.

तर उजेडाच्या खोलीत काम, अभ्यास, दोघातिघांनी मिळून बघणं असेल तर आयपीएस. एकट्याने, समोर बसून, अंधारात सिनेमे किंवा संथ खेळ असतील तर व्हीए, आणि तोही शक्यतो चोवीस इंची. सगळं थोडं थोडं असेल तर आयपीएस घ्यावा. त्याची खोट रात्रीच दिसते, व्हीएची दिवसभर.

मॉनिटर घरी आल्यावर बदलून देण्याची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी करा. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच पडदे लावून मेलेले पिक्सेल आणि गळती तपासा. मॉनिटरच्या मेनूतला ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल वेगाने बदलावा म्हणून जास्त वीज देणारी सोय) मधल्या पायरीवर ठेवा. सर्वांत वरच्या पायरीवर शेपूट जाऊन तिच्या जागी उजळ कड उमटते. तिसरं, विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट बघा. १०० हर्ट्झचा मॉनिटरही बऱ्याचदा ६०वर चालू होतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. यादीत १०० दिसतच नसेल तर केबल व्हीजीएमध्ये तर नाही ना लावली, हे आधी पाहा, एचडीएमआयला लावा.